मोनालीचा देवमासा

"घरायेवढा मासा, अन् ते बी काठाजवळ? कडूबा, तुही पोरगी फेकून राह्यली!"

मी म्हणलो अन् सगळी गल्ली हसली. मस्तगडात कडूबाचं अन् माहं घर भिंतीला भिंत लागून. तो शेतात ठिबकचे पाइप जोडतो, मी मोसंबीचा गाडा लावतो. त्याची मोनाली कोकणात शाळेवर मास्तरीण. फळीवर उभं राहून लाटांवरून घसरायला पोरं येतात, त्या किनाऱ्यावर तिला देवमासा दिसला म्हणे. फोटो काढेस्तोवर बुडाला. मी तिचं नाव 'देवमासाबाई' पाडलं. गंमत म्हणून. पण तिनं फोनवर सांगितलं, "सगळे हसतात मला. दिवाळीच्या सुट्टीत येत न्हाई मी."

तवापासून कडूबाला जेवण गोड लागंना.

"लाव पैज," तो म्हणला. "तिथं जाऊ. मासा दिसला तर तुह्या गाड्याच्या भोंग्यात तुह्याच आवाजात भरायचं, मोनाली खरी, सोमेश्वर लबाड. बाजारभर फिरवायचं."

"अन् न्हाई दिसला तर?"

"तर भोंग्यात मी बोलीन. माही पोरगी खोटी."

त्याच्या तोंडाकडं पाहवंना. पण मी बी एक नंबरचा खोडकर, माघार कशी घेणार?

येष्टीनं गेलो. दोन दिवस वाळूत बसून डोळे शिणले. मोनाली बापाच्या हातात चहा द्यायची, माहा कप खाली ठेवायची. तिसऱ्या दिवशी परतीची गाडी होती. कडूबा बसल्या जागी पेंगला. तेवढ्यात, फळीवाल्या पोरांच्या पलीकडं, दोन माणसं उंच पाण्याचा फवारा उडाला.

आता आमच्याकडं नळाला पाणी कधीमधी येतं. लाइनीचा व्हॉल्व फुटला की ज्याला पहिलं दिसंल त्यानं बोंबलायचं, बाकीच्यांनी हंडे घेऊन पळायचं. जन्माची सवय. मी ताडकन उठलो.

"कडूबा, व्हॉल्व फुटला! जल्दी हंडे आण!"

कडूबा झोपेतच पळाला. गुडघाभर पाण्यात जाऊन थांबला. समोर काळीभोर पाठ वर आली, उन्हात चमकली, सावकाश खाली गेली. परत फवारा.

"सोमेश्वर," तो वळून म्हणला, "तूच वरडला ना रे?"

मोनाली हसता हसता वाळूत बसली. "काका, खारं पाणी हाये ते! हंडे भरून काय करता?"

"चुकलो, बाई."

"तोंडी चालत न्हाई. भोंग्यात भरा."

"मंग सुट्टीत येशील?"

"ऐकायला यावंच लागंल."

दिवाळीच्या आदल्या दिवशी मस्तगडाच्या बाजारात पाय ठेवायला जागा न्हाई. मी गाडा ढकलून राह्यलो अन् भोंगा बोंबलून राह्यला, "मोनाली खरी, सोमेश्वर लबाड! मोसंबी घ्या, मोसंबी!"

बांगड्यावाली तुळजाबाई म्हणली, "लबाड हाये ते आम्हाला ठावं हाये की! त्याच्यासाठी बॅटरी कशाला जाळतो?"

पुढं कडूबा, नवरदेवाच्या बापावानी ताठ. बाजूला मोनाली, माहीच मोसंबी सोलून खात.

"काका, आवाज बारीक येऊन राह्यला."

मी बटन पुरं पिळलं.