आप्पांच्या अंगणातली बाईंची वाट

मी एक वाट बोलतेय. नकाशात शोधू नका, सापडायची नाही. आप्पांच्या फाटकापासून त्यांच्याच अंगणातून मागच्या घराच्या दारापर्यंत, एवढाच माझा पसारा. जमीन आप्पांची, पण तिच्यावरून ये-जा करायचा हक्क मागच्या घरातल्या कवायतबाईंचा. बाई शाळेत कवायत शिकवायच्या. त्या निवृत्त झाल्या, त्यांची चाल काही झाली नाही.

माझा जन्म खरेदीखतात झाला. पूर्वी दोन्ही घरं एकाच मालकाची होती. त्याने मागचं घर बाईंच्या सासऱ्यांना विकलं, आणि त्यांना उडत घरी जावं लागू नये म्हणून मलाही लिहून दिलं. पुढचं घर नंतर आप्पांच्या वडिलांनी घेतलं, माझ्यासकट.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोच आप्पांनी गाडी घेतली. गाडीला छप्पर हवं आणि छपराला जागा नेमकी माझीच! आप्पांनी वकील भाच्याला जेवायला बोलावलं. फी वाचवायची ही त्यांची नेहमीची रीत.

"मागून नवा रस्ता झालाय," आप्पा म्हणाले. "बाईंनी तिकडे दारही काढलंय. आता हिची गरज संपली ना?"

"मामा, नुसत्या गरजेपोटी मिळालेली वाट गरजेबरोबर संपते. ही खतात लिहून दिलेली आहे, ही नाही संपत. बाईंनी हक्क सोडल्याचं लिहून द्यायला हवं. नाहीतर त्यांचं घरच विकत घ्या. स्वतःच्या जमिनीवरून जायला कुणाला हक्क लागत नाही."

"घर विकतेय ती! मला विकून येईल बाजारात."

"मग त्यांनी वाट वापरणं सोडलं पाहिजे. बरीच वर्षं."

हे बोलणं बाईंपर्यंत कसं पोचलं कोण जाणे. आप्पांच्या बायकोकडे असं बघू नका.

दुसऱ्या दिवसापासून बाई रोज सकाळी रिकामी पिशवी घेऊन निघू लागल्या. माझ्यावरून फाटकापर्यंत जायचं, फाटकाला हात लावायचा, परत फिरायचं. बाजारहाट सगळा मागच्या दाराने. आणि त्या कोणत्या दिवशी येत नाहीत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसू लागले. लेकीकडे जायचंही त्यांनी टाळलं. "लग्न ठरल्यावर माझी तरी एवढी वाट पाहिलीत का?" बायकोने विचारलंच.

आणि एके सकाळी बाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आप्पांनी टेप आणून माझी लांबी-रुंदी मोजली. माझं तर धाबं दणाणलं. पण आठवडा गेला तसा आप्पांचा चहा खुर्चीशेजारी गार व्हायला लागला. त्यांनी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "नुसतं न येणं पुरत नाही मामा, हक्क सोडायचा इरादा लागतो."

इरादा विचारायला आप्पा माझ्यावरून थेट बाईंच्या दारापर्यंत गेले. जन्मात पहिल्यांदाच.

"बाई, सोडायचा इरादा आहे का?"

"इरादा कसला, गुडघा धरलाय!" बाई आतून म्हणाल्या. "खरं सांगू आप्पा? माझा नुसता हट्ट होता. आणा तो कागद, करते सही."

आप्पांना हवं ते ताटात वाढून आलं होतं. ते बराच वेळ चपलेने माझी माती उकरत उभे राहिले.

"आजारी बाईची सही घेतली म्हणतील लोक," ते गुरगुरले. "आधी गुडघा बरा होऊ दे."

तेव्हापासून आप्पा रोज गुडघ्याची चौकशी करायला जातात. तासभर बसतात, भांडतात, चहा पितात. गाडी उन्हात तापत असते.

मी दाराला टेकलेली असते, म्हणून सांगते. आप्पा यायच्या आधी बाई घरात झपझप फिरत असतात, लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट. आप्पा अर्ध्यावर आले की मोठ्याने खोकतात, दोनदा, घसा ठणठणीत असताना. आतली पावलं थांबतात, खाट कुरकुरते, आणि बाई कण्हायला लागतात.

तुमच्यात कुणी डॉक्टर असेल तर हात जोडून विनंती, कृपा करून या घरी येऊ नका.