सरूबाईंचे न शिजणारे वरण

सुज्ञ वाचकहो! सहकाराच्या पवित्र क्षेत्रात तुरीच्या डाळीने कसा व्यत्यय आणला आणि पंचवीस वर्षे चूल सांभाळलेल्या सरूबाईंवर स्वयंपाक शिकण्याची पाळी का आली, याचा वृत्तांत येथे यथामती सादर करीत आहे.

दुष्काळाचे वर्ष होते. केजपासून तीन कोसांवरील एका गावी पाणीपुरवठा सहकारी संस्थेचा टँकर येत असे. कागदावर तो धरणाचे गोडे पाणी भरी. प्रत्यक्षात चेअरमन बंकटराव यांच्या शेतातील खाऱ्या बोअरवर त्याची तहान भागे. त्या पाण्यात सकाळी डाळ शिजत घालावी, तर दुपारीही दाणा न् दाणा ताठ मानेने उभा! सरूबाईंच्या सासूबाई ताराबाई यांच्या मुखात एकही दात उरला नव्हता. वरणात कुस्करलेली भाकर हाच त्यांचा आहार. ती डाळ चघळून म्हातारी थुंकून टाकी आणि तशीच निजे. सरूबाईंच्या जिवाला हाच घोर लागला होता.

अशात टँकरच्या पाण्याच्या चौकशीसाठी बीडचे साहेब येणार असे कळले. त्यांचे भोजन सरूबाईंकडे ठरले, कारण त्यांच्या हाताला चव होती. बंकटराव स्वगृहीच्या गोड्या पाण्याचा हंडा घेऊन जातीने हजर झाले.

"सरूवहिनी, साहेबाचं वरण ह्याच पाण्यात करा. टँकरचं घेऊ नका."

"कावून हो चेअरमन? टँकरचं तर धरणाचं हाय म्हणता!"

"लई बोलू नका."

सरूबाईंनी हंडा उतरवून घेतला. साहेबांची डाळ त्यांनी टँकरच्या पाण्यात घातली आणि सासूबाईंची हंड्यातल्या.

पहिल्याच घासाला साहेबांच्या दाढेखाली कडकड आवाज झाला. कोपऱ्यात ताराबाई मात्र डोळे मिटून लोण्यासारखे वरण ओरपत होत्या.

"हे कसं काय?" साहेबांनी विचारले.

"डाळ एकच, चूल एकच, बाईबी एकच, साहेब. आत्याबाईचं पाणी चेअरमनच्या घरचं, तुमचं टँकरचं."

"साहेब, बाईला सैपाकच येत न्हाई!" बंकटराव ओरडले.

"मंग इतकी वर्सं जत्रेचं वरण कोन शिजवलं ओ?"

साहेब विचारी गृहस्थ होते. ते बंकटरावांच्याच जीपमधून आले होते आणि त्यांना परतायचेही तिच्यातूनच होते. त्यांनी प्रथम ताराबाईंचे पातेले मागवून ते निपटून काढले, मग अहवाल लिहिला: पाणी उत्तम, महिलांना पाककलेचे ज्ञान नाही, सर्व जणी उत्तीर्ण होईतो संस्थेने रोज प्रशिक्षण द्यावे.

शिकवण्यास बीडहून कौशल्याबाई आल्या. पहिल्याच दिवशी त्यांचीही डाळ शिजेना.

"चेअरमनसाहेब, माझी अब्रू घालवता का? उद्यापासून गोडं पाणी द्या, नाहीतर मी वर लेखी कळवते!"

बंकटरावांच्या घरचे गोडे पाणी रोज समाजमंदिरात येऊ लागले. गावच्या बाया आपापली डाळ घेऊन वर्गात बसत आणि शिजलेले वरण घरी नेत. ताराबाईंच्या गालांवर मांस दिसू लागले.

महिन्याने परीक्षा झाली. आता हंडे थांबतील या आशेने बंकटराव स्वतः पेढे घेऊन आले. निकाल लागला: सर्व जणी नापास! एकीच्याही वरणात मीठ नव्हते.

"अवं वहिनी, मीठसुदिक इसरलात?"

"अडानी बाया आमी, चेअरमन. अजून महिनाभर शिकवा," असे म्हणत सरूबाईंनी पातेले पदराखाली घेतले आणि घर गाठले. तेथे त्यांनी चिमूटभर मीठ घालून वरण ढवळले व सासूबाईंना हाक मारली.

येथवर ज्यांनी वाचण्याचे कष्ट घेतले, त्या सर्वांचा मी ऋणी आहे.

आपला नम्र,
राधाकिशन सटवाजी जाधवर, केज