न जुळलेली सही

धाकट्या जावेबद्दल मी वाईट बोलत नाही. बोलायला ती जागाच ठेवत नाही, हेच माझं खरं दुखणं आहे. आमचं पडद्यांचं दुकान. पडदे शिवायला टाकायला आलेलं गिऱ्हाईक तिच्याशी दोन शब्द बोललं की सोफ्याची कव्हरंही टाकून जातं. कारागीर माझ्या हाकेला "आलो" म्हणतात आणि तिच्या हाकेला खरंच येतात. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, माझ्या चहाला नावं ठेवतात आणि तिचा तसलाच चहा मुकाट पितात. पोटात दुखायला माणसाला याहून जास्त काय लागतं?

एकच गोष्ट माझ्याकडे होती आणि तिच्याकडे नव्हती. दुकानाच्या चेकवर सही माझी चालायची. चेक ती लिहायची, कारण अक्षर मोत्यासारखं. पण लिहून झाला की माझ्यापुढे सरकवून "ताई, सही" म्हणत उभी राहायची. तेवढ्यापुरती मी घरातली थोरली असायचे.

मग एकदा कुरियरवाल्याच्या कागदावर मी तिची सही पाहिली. पहिलं अक्षर डौलात उभं, पुढे एक लांब लाट आणि खाली एका दमात ओढलेली तिरकी रेघ. माझी सही म्हणजे शाळेतल्या वहीवर लिहितात तसं सरळ नाव-आडनाव. कुरियरवाला म्हणाला, "वा वहिनी, काय सही आहे!" मी इतकी वर्षं त्या माणसाला सह्या देतेय, मेल्याने कधी ब्र काढला नाही.

त्या दिवसापासून मी जुन्या बिलांच्या पाठीवर गिरवायला बसले. नाव माझंच, पण लाट तिची, रेघ तिची. हात बसला तशी मी खूश झाले आणि पुढचे तीन चेक नव्या सहीने झोकात दिले. एक कापडवाल्याला, एक पडद्यांच्या दांड्या देणाऱ्याला, आणि एक भाड्याचा, जागेच्या मालकाला.

तिन्ही परत आले. खात्यात पैसे होते, तरी परत. वर बँकेने प्रत्येक चेकमागे दंड कापला. कारण काय, तर सही जुळत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात माझा, पेन माझं, नाव माझं, मग जुळत नाही म्हणजे काय? एवढ्या वर्षांची ओळख एका लाटेत वाहून गेली?

मामंजींना मी लाटेचं काही सांगितलं नाही. "बँकेचा घोळ आहे," एवढंच म्हटलं. कापडवाल्याने त्यांना फोनवर चार शब्द सुनावले होते, त्यामुळे ते आधीच तापलेले.

"घोळ बँकेचा असेल तर दंड परत आणून दाखव," ते म्हणाले. "नाहीतर पुढच्या महिन्यापासून सही धाकटीची."

"असं काय मामंजी, ताईंचीच राहू दे ना," धाकटी म्हणाली. तिच्या या गोडव्याने तर मला मिरच्याच झोंबल्या. त्यात मामंजींनी तिलाच माझ्याबरोबर धाडलं. चेक तिने लिहिलेत, काही विचारलं तर सांगेल म्हणून.

बँकेतल्या मॅडमनी धाकटीकडे बघून ओळखीचं हसू दिलं. तिचं स्वतःचं खातं तिथेच होतं. मला म्हणाल्या, "बोला."

मी बोलले. कडाडून भांडले. "खात्यात पैसे असताना चेक परत पाठवता आणि वर दंडही आमच्याच खिशातून? हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!" शेजारच्या खिडकीपुढची रांग वळून बघायला लागली, तसा मला आणखी चेव चढला.

मॅडमनी कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे फिरवली. एका बाजूला बँकेत नोंदवलेली माझी सही, अगदी बाळबोध. दुसऱ्या बाजूला ते तीन चेक. शेजारी शेजारी पाहिल्यावर मलाच पटलं. ती माझी सही नव्हतीच. ती धाकटीची होती, फक्त नाव माझं होतं.

मॅडमनाही तेच दिसलं. "चेकवरचं अक्षर कुणाचं?"

"माझं," धाकटी म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "या सह्या तुमच्या नसतील तर तसं लिहून द्या. खातेदाराने सही केलीच नसेल, तर दंड मी परत मिळवून देते. पण मग सही कुणी केली याची चौकशी होईल."

मला फार काही करायची गरजच नव्हती. नुसतं "माझी नाही" म्हणायचं होतं. दंड परत, सही माझ्याकडे, आणि धाकटी पुन्हा चेकबुकजवळ फिरकली नसती. मामंजी तिच्याकडे कोणत्या नजरेने बघतील, तेही मी बसल्या जागी बघून घेतलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मी गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ मला चांगला कळत होता.

धाकटी स्क्रीनकडे बघत होती. स्वतःची लाट तिला ओळखू आली असणार, कारण तिचे कान लाल झाले. माझ्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

"घाईघाईत ताईंच्या जागी मीच केली असेल," ती म्हणाली. "ताईंचा यात काही दोष नाही."

ती मला वाचवत होती, हे न कळायला मी दूधखुळी नाही. अशा वेळी माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं. मला आला संताप. गिऱ्हाईक हिचं, कारागीर हिचे, मामंजी हिचे, आणि आता चांगुलपणाही हिचाच? जन्मभर मी हिच्या उपकाराखाली वाकून राहू?

"हिने काही केलेलं नाही!" मी ओरडलेच. "सही माझी आहे. हिची बघून शिकलेय, बिलांच्या पाठीवर गिरवून गिरवून!" आणि पेन उचलून मॅडमच्या पुढ्यातल्या कागदावर तिथल्या तिथे करून दाखवली. रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मग दंड परत मिळणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"नको मिळू दे."

बाहेर पायऱ्यांवर धाकटी हळूच म्हणाली, "ताई, माझी सही एवढी आवडते तुम्हाला?"

"आवडते कसली! जळते मी तुझ्यावर. लग्न होऊन आलीस तेव्हापासून."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. घ्या, हेही हिला माझ्याआधी माहीत.

दुकानात मामंजी कापड मोजत उभे होते. "काय, आणला दंड परत?" त्यांनी विचारलं.

"मामंजी, ताईंची खरं तर काही..." धाकटीने सुरुवात केलीच. मी तिचं मनगट धरलं.

"तू गप्प बस. एवढं तरी मला बोलू दे."

मग मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि चेकबुक काढून माझ्या हाताने तिच्यापुढे ठेवलं.