फोटोतलं गायरान

मंजुषानं माऊस ओढत आभाळ आणखी काळं केलं. फोटोतले रंग तिनं आधीच काढून टाकले होते. आता ढगांच्या कडा उजळल्या आणि मधोमध उभी असलेली कडूबाई ठळक दिसू लागली. हातात काठी, मागं शेरडं आणि अगदी अंगाशी आलेलं ट्रॅक्टरचं नाक.

युसूफ वडगावच्या गायरानात त्या दिवशी पुढारी बद्रीनाथअण्णांचा ट्रॅक्टर नांगरायला शिरला होता. मंजुषा केजहून गावात साखरपुड्याचे फोटो काढायला गेलेली. गलका ऐकून तशीच धावली. कडूबाई नुसती आडवी उभी होती. बोलली नाही, हलली नाही. शेवटी ड्रायव्हरनं शिवी हासडून ट्रॅक्टर मागं घेतला.

फोटोला तिनं नाव दिलं 'माघार', आणि केजच्या प्रदर्शनाला पाठवून दिला.

दुसऱ्याच दिवशी प्रदर्शन भरवणारा उत्तरेश्वर तिच्या स्टुडिओत आला.

"फोटो लई भारी हाय, ताई. पण उद्घाटनाला अण्णाच येनार हायेत. तेवढा ट्रॅक्टर काढा. नाव बी बदला. 'एकाकी' कसं वाटतंय?"

"ती एकाकी कावून? ती अडवायला उभी होती."

"लोकांना दुःख आवडतंय, ताई. ब्लॅक अँड व्हाइटमधी तर जास्तच."

"मग फोटोच लावू नका."

उत्तरेश्वर हसला, चहा संपवून गेला. मंजुषाला वाटलं, विषय मिटला, फोटो आहे तसाच लागेल.

प्रदर्शनाच्या दिवशी कडूबाई नवं लुगडं नेसून जीपनं आली. सोबत लेक बबिता. मंजुषा दोघींना कौतुकानं आत घेऊन गेली आणि दारातच थबकली. समोरच्या भिंतीवर तिचा फोटो होता. ट्रॅक्टर नव्हता. तिनंच काळ्या केलेल्या आभाळात कुणीतरी तो सहज बुडवून टाकला होता. काळोखासमोर काठी टेकून उभी असलेली म्हातारी तेवढी उरली होती. खाली सुबक अक्षरांत 'एकाकी', आणि त्याखाली मंजुषाचं नाव.

फोटो उतरवायला ती पुढं झाली, तेवढ्यात अण्णा माणसांसह आत आले. फोटोसमोर येऊन थांबले.

"बिचारी," ते म्हणाले. "चेहऱ्यावर किती दुःख हाय बघा. या माऊलीला शोधून काढा रे. आपल्याकडून एक साडी."

उत्तरेश्वरनं टाळी वाजवली. मागोमाग सगळ्यांनीच वाजवली.

"शोधायला कशाला पायजे," गर्दीतून कडूबाई म्हणाली. "मी हितंच हाय की."

माणसं बाजूला सरली. ती फोटोपाशी गेली, एकदा त्याच्याकडं पाहिलं, मग अण्णांकडं.

"अण्णा, माज्यासमोर तुमचा ट्रॅक्टर हुता. त्यो कुटं गेला?"

अण्णांनी उत्तरेश्वरकडं पाहिलं, उत्तरेश्वरनं जमिनीकडं. मग अण्णांना कुठलीशी बैठक आठवली आणि त्यांच्यासोबत निम्मा हॉल रिकामा झाला.

मंजुषानं फोटोची चौकट दोन्ही हातांनी धरली. "खोटा फोटो हाय हा, मावशी. माझ्या नावानं एक क्षण ठेवणार नाही."

कडूबाईनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे, पोरी."

"अहो, त्यांनी तुम्हाला बिचारी केलंय!"

"बघितलं मी. तू काढून नेलास, तर सांगायला काय ऱ्हाईल?"

मंजुषाचे हात चौकटीवरून सुटले. दारात नवी माणसं रेंगाळत होती. आत काहीतरी घडल्याचं बाहेर पोचलं होतं. उत्तरेश्वर भिंतीशी गेला आणि फोटोवरचा दिवा बंद करून टाकला.

कडूबाईनं पदर खोचला. पुढच्या माणसाला हाताला धरून फोटोच्या अगदी जवळ आणलं आणि त्या काळ्या आभाळावर बोट टेकवलं.

"हितं बगा," ती म्हणाली. "हितं ट्रॅक्टर हुता."