बिनदांडीची सायकल

"ही कुणाची?"

"घेतली. स्वस्तात मिळाली," तो म्हणाला आणि सायकल भिंतीला टेकवू लागला.

"स्वस्तात मिळाली ते दिसतंच आहे. कुणाची, ते विचारतेय. ही लेडीज आहे."

"लेडीज काय नि जेंट्स काय. दोन चाकं आहेत."

"मधे दांडी नाही."

"नसेल," असे म्हणून तो आत निघून गेला.

एक्सरेबाई दारात तशीच उभी राहिली. हे नाव तिला कारखान्यातल्या बायकांनी दिले होते. तयार कपड्यांच्या त्या कारखान्याच्या गेटवर ती सव्वीस वर्षे सुटणाऱ्या पाळीची झडती घेत होती. दोऱ्याची रिळे, बटणांची पाकिटे हे तर रोजचेच. एकदा बाह्या न लावलेला अख्खा कोट पोटाला गुंडाळून निघालेली बाई तिने धरली होती. एक्सरेबाईचे म्हणणे असे की चोर हातावरून ओळखू येत नाही, चालण्यावरून येतो. अंगावर काही लपवलेला माणूस पाऊल जपून टाकतो. या एका नियमावर तिची नोकरी चालली होती, आणि खरे सांगायचे तर संसारही. मुलीचे प्रेमप्रकरण तिने मुलीच्या चालण्यावरूनच पकडले होते. मुलीने पुढे त्याच मुलाशी लग्न केले ही गोष्ट वेगळी.

आता नंबर नवऱ्याचा होता.

नवरा वीजखात्याच्या डेपोत ड्रायव्हर. तीस वर्षे जीप चालवलेली. घरची जुनी गाडीही त्याचा जीव की प्राण. साबणाची वडी आणायची तरी हा कोपऱ्यापर्यंत गाडी काढणार. आणि असा माणूस दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी भंगाराच्या भावात घेतलेली, जवळजवळ त्याच्याच वयाची काळी सायकल ढकलत घरी आला. जाड टायर, सळईचे ब्रेक, मागे लोखंडी कॅरियर. गाडीवर कव्हर चढले ते चढलेच.

"गाडी कमी चालवायची म्हणतोय," तेव्हा तो म्हणाला होता. "बाजार, डेपो, दवाखाना, सगळं अर्ध्या तासाच्या आत आहे. एका माणसाला न्यायला एवढं लोखंड कशाला हलवायचं? आणि या जुन्या सायकली मरत नाहीत गं. तेल घातलं की चालतात."

बोलणे बिनतोड होते, म्हणूनच तिला ते पटले नाही. गेटवर ज्या बाईकडे पक्के उत्तर तयार असे, तिचीच पिशवी ती दोनदा उघडत असे. कुठेतरी पाणी मुरत होते.

मग एक दिवस डेपोतल्या मेकॅनिकची बायको झडतीच्या रांगेत हात वर करून उभी असताना सहज म्हणाली, "तुमचे साहेब आता स्टोअरला बसतात म्हणे? बरं झालं, बसून काम." एक्सरेबाईने "हो ना" म्हटले आणि तिची एकच कंबर तीनदा तपासली. घरी याविषयी चकार शब्द नव्हता. हा माणूस रोज सकाळी ड्रायव्हरचा खाकी शर्ट घालून निघत होता.

"आज कुठं गेली होती जीप?" त्या संध्याकाळी तिने विचारले.

"इथंच, जवळपास," तो म्हणाला. ताकास तूर लागू देईना.

दारू म्हणावी तर तोंडाला वास नव्हता. तो तिने रोज घेऊन पाहिला होता. डिझेल विकताना सापडला असेल? बाई असेल? पंचावन्नाव्या वर्षी? का नाही, पंचावन्नाव्या वर्षीच. आणि आता ही बिनदांडीची सायकल, धुऊनपुसून चकचकीत केलेली, हँडलला नव्या मुठी बसवलेली. आपल्यासाठी आणली असेल, असे क्षणभर तिच्या मनात येऊन गेले. पण तिला सायकल येत नाही हे तो पुरते जाणून होता. शिकवायचा विषय लग्नाच्या वर्षी निघाला होता आणि त्याच वर्षी संपला होता.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तिने सायकलवाल्याचे दुकान गाठले. तो पंक्चर शोधत बसला होता.

"ती लेडीज सायकल तुम्हीच दिलीत ना? कुणासाठी म्हणाले?"

सायकलवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवली आणि तो बुडबुड्यांकडे बघत राहिला. "ते त्यांनाच विचारा, ताई."

"तुम्हाला सांगितलंय त्यांनी."

"मला म्हणाले, दांडी नको, सीट खाली घ्या आणि ब्रेक एकदम कडक करा. तेवढं मी केलं."

"आणि कुणाला सांगू नका, असंही म्हणाले असतील."

"असं कुणी म्हटलं तर आपण सांगत नाही," तो म्हणाला.

सीट खाली. म्हणजे बाई ठेंगणी. सुतावरून स्वर्ग गाठायला एवढे पुरे होते. घरी पोचेपर्यंत तिने त्या ठेंगण्या बाईला केस दिले, आवाज दिला, डेपोच्या मागच्या गल्लीत एक खोलीही देऊन टाकली. ही बाई खरी निघाली तर आपले काय राहते, हा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडला.

त्या संध्याकाळी तो काळ्या सायकलवरून आला तेव्हा ती खिडकीत उभी होती. फाटकापासून दारापर्यंत वीस पावले. उजवे पाऊल तो बघून बघून टाकत होता, आणि ते टेकताना फरशीवर फट् असा आवाज येत होता. तिने अशी चाल शेकडो वेळा पाहिली होती. बुटात आहे, तिने ठरवले. चिठ्ठी असेल, नाहीतर खोलीची किल्ली.

तो बूट दाराशी काढून मोज्यांवरच आत गेला. तिने उजवा बूट उचलून उलटा केला. आतून एक पोलादी छर्रा पडला, वाटाण्याएवढा. तिची जराशी निराशाच झाली. पण पुरावा तो पुरावा. तिने तो नेऊन टेबलावर त्याच्यासमोर ठेवला.

"हे काय?"

"छर्रा. सायकलच्या चाकात असतो. कुठं सापडला?"

"तुमच्या उजव्या बुटात. आता मला सांगा, हा बुटात का लपवलात?"

"बुटात?"

खोटे बोलणारे चेहरे तिने गेटवर नाही नाही ते पाहिले होते. हा त्यातला नव्हता. तो घाबरला होता. तो हळूच खुर्चीवर बसला आणि त्याने मोजा ओढला. मोजा तळव्याला चिकटला होता.

"दुपारी स्टोअरमधे चाक खोललं होतं," तो म्हणाला. "बूट बाजूला काढले होते. तेव्हा पडला असेल."

"दुपारपासून? आणि टोचला नाही?"

एक्सरेबाईने खाली बसून त्याचा पाय हातात घेतला. छर्रा होता तिथले कातडे सोलून निघाले होते. तिने कडेला बोट दाबले.

"दुखतंय?"

"नाही."

तिने नख रुतवले. "आता?"

"तू हात लावलायस ते दिसतंय," तो म्हणाला. "कळत नाही."

मग तो बोलू लागला, पायाकडे बघतच.

"डॉक्टर म्हणाला, साखरेनं नसा गेल्यात. दोन महिन्यांपूर्वी शाळेसमोर जीप थांबवत होतो. मला वाटलं पाय ब्रेकवर आहे. तो बाजूलाच होता. जीप चालतच राहिली. हँडब्रेक ओढला तेव्हा एका पोरीच्या दप्तराला टेकली होती. तिनं मागं वळून बघितलं आणि हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतोय." त्याने मोजा बाजूला ठेवला. "दुसऱ्याच दिवशी साहेबांकडे स्टोअर मागून घेतलं. सायकलचा ब्रेक हातात असतो. हात अजून माझे आहेत."

"आणि ती लेडीज?"

"दांडीवरून पाय जात नाही आता. परवा डेपोच्या दारात पडलो, सगळ्यांसमोर. ती माझ्यासाठीच आहे."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तू रोज झडती घेतली असतीस."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला लागले. ठेंगणी बाई तिच्या खोलीसकट नाहीशी झाली होती. इतके दिवस तो पाय डोळ्यांसमोर घरभर फिरत होता आणि तिला त्यात फक्त चोरी दिसली होती. तिला स्वतःची लाज वाटली. तिने पाणी आणले, जखम धुतली, पट्टी बांधली. तो खिडकीबाहेर बघत बसून राहिला.

"सकाळी आधी दवाखाना," ती म्हणाली. "मग डेपो."

"बरं."

सकाळी त्याने बिनदांडीची सायकल पहिल्यांदाच फाटकाबाहेर काढली. उजव्या पेडलला त्याने चामड्याचा पट्टा बसवला होता, पाय सटकू नये म्हणून. समोरच्या फाटकात निवृत्त पोस्टमास्तर उभे होते. गल्लीत काय येते नि काय जाते याची नोंद निवृत्तीनंतरही त्यांच्याकडेच होती.

"काय हो," ते म्हणाले, "आज बायकोची सायकल पळवली वाटतं?"

तो थांबला. त्याचे कान लाल झाले. त्याने मान वळवून अंगणातल्या काळ्या सायकलीकडे पाहिले आणि हातातली मागे वळवू लागला. दारातून एक्सरेबाईने ते पाहिले. ती तशीच चपला न घालता बाहेर आली.

"माझीच आहे," ती म्हणाली. "जुनी आहे ना, जड चालते. यांना म्हटलं, चार महिने तुम्ही चालवा आणि हलकी करून द्या."

"तुम्हाला येते सायकल?" पोस्टमास्तरांनी विचारले.

"येते की. लहानपणापासून."

सव्वीस वर्षे दुसऱ्यांच्या थापा ऐकल्या होत्या, तो अभ्यास कामी आला. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. नवऱ्याने एकदा तिच्याकडे पाहिले आणि सायकल पुन्हा पुढे घेतली.

आता तो पाय उचलणार होता. आधी खाली बघणार, मग हाताने पँट धरून पाय पट्ट्यात नेऊन ठेवणार. पोस्टमास्तरांनी चष्मा सारखा केला. एक्सरेबाई रस्ता ओलांडून बरोबर त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमच्या गुडघ्याचं काय म्हणतोय डॉक्टर?" तिने विचारले.

पोस्टमास्तर गुडघ्याविषयी सविस्तर सांगू लागले. डावा, मग उजवा, मग परत डावा. मागे साखळीचा आवाज सुरू झाला, एकदा अडखळला, पुन्हा लागला. एक्सरेबाईला वळून बघावेसे फार वाटत होते. पण ती गुडघ्यांचे ऐकत राहिली.