मी लाकडाची नाही

मित्रांनो, गोराईच्या खाडीवर रंगीबेरंगी लाकडी होड्यांच्या रांगेत एक चंदेरी, जरा पोचे पडलेली होडी दिसेल. ती मी. मी एक जुनी ॲल्युमिनियमची होडी आहे, आणि हे सांगताना मला मुळीच कमीपणा वाटत नाही.

एका कारखान्यात पत्रे वाकवून, रिव्हेटचे खिळे ठोकून मला घडवले. वनमालाबाईंनी मला घेतले तेव्हा शेजारचे सीतारामकाका हसले होते. "पातेल्यात बसून कालवं काढायला जाणार काय गो?" बाईंचे यजमान नुकतेच गेले होते. लाकडी होडी चिखलातून ढकलायला चार गडी लागतात आणि दर वेळी चार जणांच्या तोंडाकडे पाहावे लागते. मला मात्र त्या एकट्या ओढत. ओहोटी लागली की आम्ही दोघी निघायचो आणि खडकावरची कालवे, तिवरांतल्या चिंबोऱ्या घेऊन परतायचो. बारा वर्षे बाईंनी कुणाकडे हात पसरला नाही. त्यात माझा वाटा मोठा आहे, उगाच विनय कशाला?

बाईंनी माझे लाड फार केले. दर पावसाळ्याआधी त्या मला आतून-बाहेरून माशाचे तेल चोळायच्या. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनची ती रीत होती. वास यायचा खरा, पण मायेच्या हाताला नाही कसे म्हणायचे?

यंदा माझ्या तळाला वीतभर चीर पडली, चार रिव्हेट सैल झाले आणि पाणी आत येऊ लागले. बाईंनी कणकेसारखा मळायचा मसाला चिरेत भरला. तिसऱ्या भरतीला तो सुटला. मग गॅरेजमधून गाड्यांचे पोचे भरायची पुट्टी आणली. तिचे तर बिस्किटासारखे तुकडे पडले. "पत्र्याची जातच नाठाळ," असे सगळे म्हणू लागले. खोट माझ्यात नव्हती, पण मला तोंड कुठे होते? शेवटी भंगारवाला आला. त्याने मला ठोकून पाहिले आणि नारळी पौर्णिमेनंतर टेम्पो आणतो म्हणाला. मी गेले की बाईंना दुसऱ्याच्या होडीत जागा मागावी लागणार होती. मी घाबरले, मित्रांनो. खोटे कशाला सांगू?

त्या रविवारी त्यांची सून श्वेता आली. ती बोरिवलीत ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम करते. तिने पुट्टीचा एक तुकडा उचलला, उलटा केला आणि नाकाशी धरला.

"आई, हिला तेल कोण लावतं?"

"मीच. का गो? तेल पाजलं नाय तर होडी फुटते."

"लाकडाची फुटते, आई. ही तेल पीतच नाही. ते नुसतं वर बसतं, आणि तेलावर काहीच चिकटत नाही."

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच वाट लावली हिची?"

"नाही हो. कुणी सांगितलंच नाही ना तुम्हाला."

"मग तुमचं ते खिडकीचं सिलिकॉन आण."

"नको. ते एकदा लागलं की त्यावर पुढे दुसरं काही धरत नाही. आणि पुट्टी पडते कडक. होडी लाटेवर लवते, तशी ती लवत नाही."

पुढच्या रविवारी ताडपत्रीखाली काम सुरू झाले. बाईंनी मला साबणाने धुतले, श्वेताने थिनरने पुसले. मग घासून घासून पत्रा लख्ख केला. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेने लगेच एक पातळ थर धरतो आणि त्यावर काही पक्के चिकटत नाही, म्हणून तिने जराही वेळ न दवडता धातूसाठीचा दोन भागांचा इपॉक्सी गोंद कालवला आणि चिरेवर ॲल्युमिनियमचाच तुकडा बसवला. सैल रिव्हेट पुन्हा ठोकून त्यांच्याभोवती रबरासारखे लवचीक राहणारे पॉलियुरेथेन सीलंट भरले. "आठवडाभर हात लावायचा नाही," असे बजावून ती गेली.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी बाई तेलाचा डबा घेऊन आल्या. हात सवयीने डब्यात गेलासुद्धा! क्षणभर त्या थांबल्या. मग पदराला हात पुसून त्यांनी डबा शेजारच्या होडीत ठेवला. "सीतारामकाका, तुमच्या होडीला घ्या. माझी पीत नाय."

नारळ वाहून झाल्यावर त्यांनी मला पाण्यात लोटले आणि आत चढून माझ्या तळावर तळहात टेकून बसल्या. श्वेता किनाऱ्यावर उभी होती. भरती चढली, एक मोठी लाट आली, मी लवले, पुन्हा सरळ झाले.

"कोरडी हाय गो!" बाई ओरडल्या. "ये, बस. आज वल्हं तू मार."

मित्रांनो, माया मला पुष्कळ मिळाली. पण कुणाची निगा राखायची असेल, तर आधी तो कशाचा घडलाय ते विचारा. माझ्याबद्दल ते कुणी विचारायला बारा वर्षे लागली. विचारले, म्हणून टेम्पो रिकामा परत गेला.