दार वाजवून विचारायची रीत

आमच्या हॅझलकोट गावात मढं मॅनर हाउसमधून, म्हणजे जमीनदाराच्या वाड्यातून, नेतात म्हटलं की बाहेरची माणसं आधी हसतात आणि मग नाक मुरडतात. लोकांच्या घरातून कसं हो मढं नेता, म्हणतात. अहो, घरातून नेत नाही आम्ही. ते घर आमच्या वाटेवर येऊन बसलंय. गावातून निघायचं, ओढा ओलांडायचा आणि सरळ चर्चला जायचं, अशी वाट होती. सहाशे वर्षांपूर्वी कुणा सर फल्कला तिच्यावरच आपला दगडी दिवाणखाना बांधायची बुद्धी झाली. जागा उंचावर होती, पाणी साचत नव्हतं, म्हणून. गावानं त्यावर काही केलं नाही. गाव आपलं चालत राहिलं.

मग त्या सर फल्कनं दिवाणखान्याच्या खालच्या टोकाला एक आडवा बोळ ठेवला. बोळाला समोरासमोर दोन दारं, एक गावाकडे आणि एक चर्चकडे. एका अंगाला ओकची लाकडी भिंत, तिच्या पलीकडे दिवाणखाना. दुसऱ्या अंगाला बीअरची कोठी, पावाची कोठी आणि दोहोंच्या मधून स्वयंपाकघराकडे जायचं दार. पुस्तकं वाचलेले लोक येऊन सांगतात की असा बोळ त्या काळच्या सगळ्याच मॅनरना असायचा, वारा अडवायला आणि ताटं आत न्यायला. असेल बापडा. त्यांच्या बोळांतून मढी जात नाहीत, आमच्या बोळातून जातात. दारं बुटकी आहेत, त्यामुळे शवपेटी खांद्यावरून उतरवून हातावर घ्यावी लागते, आणि तसं करताना तिची कड लाकडी भिंतीच्या शेवटच्या खांबाला घासते. त्या खांबाला कमरेच्या उंचीवर एक खळगा पडलाय, हात फिरवला तर गुळगुळीत लागतो. माझी आजी तिथे घासून गेली, आई घासून गेली.

जायची एक रीत होती. पेटीच्या पुढे एक माणूस काठी घेऊन चालायचा. दाराशी आला की काठीनं तीनदा दार वाजवायचा आणि विचारायचा, जरा पलीकडे जाऊ का, हरकत नसेल तर? आतून मालक स्वतः दार उघडायचा, टोपी काढायचा आणि म्हणायचा, या, जा. बस, एवढंच. ती काठी आमच्या घरात असायची. आजोबांनंतर ती माझ्या वडिलांकडे, हॉरेस डिबेनकडे आली. डॅडनी आयुष्यभर कुंपणं बांधली आणि पोटापुरतं कमावलं, पण त्या काठीचा त्यांना केवढा अभिमान होता. गावात कुणी गेलं की ते आधी बूट पॉलिश करायला बसायचे आणि मग काठीला जवसाचं तेल लावायचे.

मॅनरची शेवटची मालकीण, म्हातारी मिस, गेली, तिच्या भाच्यानं घर विकलं आणि लंडनहून हे मिस्टर मार्चमंट आले. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगते, कारण माझा संताप त्यामुळेच जास्त आहे. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. हा नेहमी हसतमुख. कुत्र्यांना नावानं हाक मारणार, चर्चच्या जत्रेत केक विकत घेणार, आणि घरात मात्र मनाला येईल ते करणार.

पहिलं काय केलं असेल, तर दिवाणखान्याचं छत साफ करून घेतलं. त्या दिवाणखान्याला पूर्वी धुराडं नव्हतं. मधोमध जमिनीवर आगटी, आणि धूर छताला लागून वरच्या झरोक्यातून बाहेर जायचा. दोनशे वर्षं तरी तशी आग जळली असेल तिथे. तुळया काजळीनं काळ्याकुट्ट झाल्या होत्या. आम्ही लहान असताना मिस आम्हाला नाताळात आत बोलवायची तेव्हा मान वर करून बघितलं की वर रात्रच आहे असं वाटायचं. या शहाण्यानं माणसं लावून, वाळूचा मारा करून ती काजळी खरवडून काढली. तुळया आता बिस्किटाच्या रंगाच्या झाल्यात. डॅडना तो मोठ्या हौसेनं दाखवायला घेऊन गेला. डॅडनी वर बघितलं आणि टोपी काढली. मार्चमंटला वाटलं कौतुकानं काढली. डॅड टोपी कशासाठी काढतात ते आम्हाला माहीत होतं.

मग बोळ बंद झाला. दोन्ही दारांना आतून अडसर, आणि आत चिखलाचे बूट ठेवायची मांडणी, वाइनचा फ्रिज, पाहुण्यांचे कोट. बाहेर पाटी, खासगी. त्याच सुमाराला पबवाल्या नॉर्मनची आई वारली. डॅड काठी घेऊन दार वाजवायला गेले तेव्हा मार्चमंटनं दार उघडून फार दुःख व्यक्त केलं आणि म्हणाला, आज घरात पाहुणे आहेत, आजच्या दिवस तुम्ही रस्त्यानं गेलात तर बरं होईल. रस्त्यानं म्हणजे हमरस्त्यानं, दीड मैल वळसा. नॉर्मनची आई लॉऱ्यांच्या मधून गेली. एकानं मागून हॉर्न वाजवला. डॅड घरी आले आणि खुर्चीत बसून मला म्हणाले, "मेरिएल, मला त्या रस्त्यानं नेऊ नका." त्यांचं हृदय तेव्हाच थकलेलं होतं आणि डॉक्टरनं काय ते सांगून ठेवलं होतं. त्यानंतर त्यांनी दुसरं काही मागितलं नाही.

म्हणून गावानं अर्ज केला, की ही वाट सार्वजनिक आहे असं ठरवून द्या. काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, एक साहेब चौकशीला आले. गावच्या हॉलमध्ये टेबलं मांडली, चहाचा मोठा हंडा ठेवला, आणि सगळं गाव साक्ष द्यायला आलं. डॅडनी अंत्ययात्रेचा काळा सूट घातला आणि काठी बरोबर आणली. त्यांनी सगळं छान सांगितलं, कोणाकोणाला नेलं, कसं नेलं, पेटी कुठे घासते. साहेबसुद्धा लिहायचं थांबून ऐकत होते. मग मार्चमंटची वकीलबाई उठली. बारीकशी, मऊ आवाजाची बाई.

"मिस्टर डिबेन, दार वाजवल्यावर तुम्ही सरळ आत जायचा, की विचारायचा?"

डॅड ताठ झाले. "विचारूनच जायचो. आम्ही काय रानटी आहोत?"

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. माझे वडील विचारायचे, त्यांचे वडील विचारायचे. न विचारता त्या उंबऱ्याच्या आत आमच्यातल्या कुणी पाऊल टाकलेलं नाही."

"आणि मालक नाही म्हणाले असते तर?"

हा प्रश्न डॅडना जन्मात कुणी केला नव्हता. "नाही कसं म्हणतील?" ते म्हणाले. "इतकं नीट विचारल्यावर नाही म्हणायचं नसतं."

हॉल हसला. मीही हसले, मान वर करून हसले. बाईनं आभार मानले आणि खाली बसली. आम्हाला वाटलं, डॅडनी तिला गप्प केलं.

निकाल लागला तेव्हा कळलं काय झालं ते. वाट लोकांची व्हायची तर लोकांनी ती वीस वर्षं उघडपणे चाललेली पाहिजे, जबरदस्ती न करता, लपूनछपून नव्हे, आणि परवानगी न मागता. जो परवानगी मागतो तो दुसऱ्याच्या मेहेरबानीवर चालतो, आणि मेहेरबानी कधीही थांबवता येते. हॅझलकोटचे लोक तर दर वेळी परवानगी मागत आलेत, हे त्यांच्याच सर्वांत जुन्या साक्षीदारानं अभिमानानं सांगितलं. संपलं.

म्हणजे बघा. वाट आमची. तिच्यावर घर बांधलं दुसऱ्यानं. आम्ही उर्मटासारखे छाती काढून त्याच्या घरातून घुसत राहिलो असतो, तर वाट आमची राहिली असती. आम्ही माणसासारखं दार वाजवलं, हरकत नसेल तर म्हणालो, म्हणून ती गेली. दुसरीकडचे लोक असे फसले नसते हो. पायावर कुणी पाय दिला तरी आपणच माफी मागणारी माणसं आम्ही. आपल्या वाटेनं जायलाही आम्ही विचारणार, आणि त्याला सभ्यपणा म्हणणार. इतका राग आला मला, की त्या दिवशी मी चहाच्या हंड्याला लाथ घातली. मग मीच फडकं आणून पुसून घेतलं.

डॅडना मात्र राग आला नाही, लाज वाटली. घरी येऊन काठी त्यांनी जिन्याखाली ठेवून दिली. "मी नुसतं विचारत होतो," एवढंच म्हणाले. नंतर कित्येक दिवस जेवताना मध्येच थांबून तेच म्हणायचे. त्या बाईचं काय जातंय, तिनं प्रश्न विचारला आणि गाडीत बसून गेली. माझे वडील मात्र गावाला तोंड दाखवेनात. गावातलं कुणीही त्यांना एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच त्यांना सहन होईना. थंडी सरता सरता ते गेले.

दुसऱ्या दिवशी मार्चमंट फुलं घेऊन आमच्या दारात. डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. म्हणाला की हॉरेसना बोळातूनच न्या, मी आतलं सगळं सामान काढून ठेवतो, दोन्ही दारांचे अडसर काढतो. "पूर्वीसारखं तुम्ही फक्त विचारायचं. मी स्वतः दाराशी उभा राहीन. मला तो मान वाटेल." ती रीत त्याला फार आवडली होती म्हणे. मी फुलं घेतली आणि बघू म्हणाले. दार लावलं आणि फुलं मोरीत ठेवली.

नॉर्मन आणि पेटी उचलणारे बाकीचे संध्याकाळी जमले. नॉर्मन मला समजावत होता, की मेरिएल, मालक आपणहून हो म्हणतोय, विचारून टाक, दोन शब्द तर आहेत, तुझं काय जातंय.

"जे गेलं ते त्या दोन शब्दांनीच गेलं," मी म्हणाले. "मी विचारणार नाही. धक्का मारून घुसणार नाही आणि विचारणारही नाही. तुम्हाला यायचं तर या."

मग नॉर्मननं बीअरचा ग्लास खाली ठेवला आणि सकाळी कधी निघायचं ते विचारलं.

सकाळी आम्ही ओढा ओलांडून चढावर आलो. मॅनरच्या दाराशी सगळे थांबले. नॉर्मननं मान वळवून हळूच विचारलं, काठी कुठाय. मी म्हणाले, डॅडजवळ. पेटी बंद करायच्या आधी मी ती त्यांच्या हाताशी ठेवली होती. आम्ही तसेच उभे राहिलो. दारापलीकडे मार्चमंट वाजवायची वाट बघतोय हे त्याच्या बुटांच्या आवाजावरून कळत होतं. पेटी खांद्यावर, पायांखाली ओलं गवत, आणि कुणी काही बोलत नाही. अशी शांतता इंग्रज माणसाला फार वेळ सोसत नाही. शेवटी त्यानंच दार उघडलं.

काळा सूट, हातात टोपी, मान जराशी झुकलेली. "या, जा" हे शब्द ओठांवर तयार होते, मी विचारण्याचाच अवकाश. समोर त्याच्या मागे चर्चकडचं दारही सताड उघडं दिसत होतं.

"गुड मॉर्निंग, मिस्टर मार्चमंट," मी म्हणाले. "पाऊस थांबला एकदाचा."

हवेबद्दल कुणी बोललं की उत्तर दिल्याशिवाय आमच्याकडच्या माणसाला राहवत नाही, मग तो लंडनचा का असेना. "हो," तो म्हणाला, "थांबला खरा. दुपारी परत येईल म्हणतात."

"वारा पूर्वेचा आहे. नाही यायचा."

"पूर्वेचा आहे का?" म्हणून त्यानं आभाळाकडे बघितलं. तेवढ्यात नॉर्मन आणि मंडळींनी पेटी खांद्यावरून हातावर घेतली आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. मार्चमंट कोठीच्या दाराला चिकटून उभा राहिला. पेटीची कड खांबाच्या खळग्यात घासली, तिचं दुसरं टोक त्याच्या कोपराला लागलं, आणि तो म्हणाला, "सॉरी."

मी सगळ्यात शेवटी बोळ ओलांडला. चर्चच्या फाटकापाशी तो मागून धावत आला. चेहरा लाल झाला होता. "मिस डिबेन, तुम्ही विचारलं नाहीत."

"नाही," मी म्हणाले. "विचारलं नाही. सगळ्या गावानं बघितलंय."

वीस वर्षांचा हिशोब त्याच्या वकीलबाईनं त्यालाही सांगितला असणार, आणि तो आजपासून सुरू झाला होता. मी पुढे झाले.

माती टाकायची वेळ आली तेव्हा मी खाली वाकले. आभाळ निवळलं होतं, आणि मला अचानक भीती वाटली, माझ्या वडिलांचा काळा सूट, तेल लावलेली काठी आणि ते ताठ झालेले खांदे आठवून. मी मूठभर माती टाकली आणि हळूच म्हणाले, "न विचारता आणलं तुम्हाला, डॅड. रागावू नका."